मोजून वापरायची चांदी

चांदीच्या नॅनोकणांचे पाणी चंदेरी दिसत नाही, ते पिवळे असते. बर्फात थंड केलेल्या सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे रंगहीन द्रावण थेंबथेंब सोडून ढवळत राहिले, की चांदीच्या आयनांना, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या चांदीच्या अणूंना, तो इलेक्ट्रॉन परत मिळतो, अणू एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागतात आणि पात्रातले पाणी आधी फिकट, मग गडद पिवळे होते. या कणांतील इलेक्ट्रॉन सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाबरोबर आंदोलित होऊन तो शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश डोळ्यांना पिवळा दिसतो. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तर कण एकमेकांवर गोळा होतात, रंग काळवंडतो आणि थोड्या वेळाने तळाशी गाळ बसतो. रंगाच्या या हळवेपणाचा उपयोग रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या संशोधकांनी पाण्यातील कीटकनाशके आणि जड धातू ओळखण्यासाठी करून घेतला आहे. ज्या पदार्थाच्या सान्निध्यात कण गोळा होतात, त्याची उपस्थिती रंगबदलावरून महागड्या यंत्राशिवाय कळते. मिठाने होणारा बदल मात्र येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण चांदी औषध म्हणून वापरताना तीच अडचण वेगळ्या रूपाने समोर उभी राहते.

औषध म्हणून चांदीकडे पुन्हा वळावे लागले, याचे कारण प्रतिजैविकांची ओसरत चाललेली ताकद. रायपूरच्या एम्समध्ये आणि स्थानिक लोक ज्याला मेकाहारा म्हणतात त्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात छत्तीसगडच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात आणि त्यांतले कित्येक जण गावच्या दुकानातून किंवा दवाखान्यातून एक-दोन प्रतिजैविके आधीच घेऊन आलेले असतात. देशातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाची हीच गोष्ट आहे. अर्धवट मात्रेतून वाचलेले जिवाणू आपली प्रतिकाराची जनुके पुढच्या पिढीला तर देतातच, शिवाय प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवरून ती शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. २००८ मध्ये भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या मूत्रातील क्लेबसिएला जिवाणूत जे विकर सापडले आणि ज्याला पुढे न्यू दिल्लीचे नाव चिकटले, ते कार्बापेनेम या राखीव गटातील औषधांचेही तुकडे करते. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, तेव्हा त्यांतील २२ मध्ये हे विकर निघाले. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चांदी जंतू मारते हे ज्ञान प्रतिजैविकांपेक्षा पुष्कळ जुने आहे. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होईपर्यंत आणि त्यानंतरही छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घरांत बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणि चमचा लागतोच, आणि त्यामागे आरोग्याचे कारण हमखास सांगितले जाते. वाटी खिरीला निर्जंतुक करते असे समजणे मात्र फार झाले, कारण घन चांदी हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने अगदी सावकाश आयन सोडते आणि खीर खाऊन संपायला तेवढा वेळ लागत नाही. आयनांचा प्रभाव शास्त्रीय रीतीने दाखवला तो स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याने. त्याच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, चांदीचा अंश मोजणेही कठीण व्हावे इतक्या विरल पाण्यात स्पायरोगायरा हे शेवाळ मरते, असे त्याने नोंदवले. त्याच्या आधीच, १८८० च्या सुमारास, लाइपझिगचा प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागला होता आणि आईकडून येणाऱ्या परम्याच्या जंतूंमुळे होणारे अंधत्व त्याने कमालीचे घटले. १९६५ मध्ये अमेरिकेत कार्ल मॉयर याने भाजलेल्या रुग्णांच्या पट्ट्या ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटने ओल्या ठेवण्याची पद्धत रूढ केली. तीत चादरीपासून परिचारिकांच्या हातांपर्यंत सगळे काळे पडे आणि जखमेतले क्लोराइड चांदीने ओढून घेतल्यामुळे रुग्णाच्या रक्तातील क्षारांचा तोल बिघडे. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स याने चांदी आणि सल्फाडायझिन यांची सांगड घालून तयार केलेले मलम या दोन्ही त्रासांतून बरेचसे सोडवणारे ठरले. आजही भारतातील भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत पांढऱ्या थराच्या रूपाने दिसते ते बहुधा हेच मलम.

चांदीचा आयन जिवाणूच्या आत नेमके काय करतो, हे समजले म्हणजे तो प्रतिजैविकांपेक्षा वेगळा का आहे ते कळते. पेनिसिलीन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला अडवते, सिप्रोफ्लॉक्सॅसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला, म्हणजे एका औषधाचे लक्ष्य सामान्यतः एकच असते आणि त्या एका लक्ष्याचा आकार किंचित बदलला तरी औषध निकामी होते. चांदीच्या आयनाला गंधकाची विलक्षण ओढ आहे. जिवाणूच्या शेकडो प्रथिनांत गंधक असलेले थायॉल गट असतात आणि आयन जिथे असा गट दिसेल तिथे चिकटतो. श्वसनसाखळीतील, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनमालिकेतील विकरे त्यामुळे बंद पडतात, पेशीपटलातून प्रोटॉन गळू लागतात, भरकटलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूला मिळून पेशीला जाळणारे क्रियाशील रेणू तयार होतात आणि डीएनए आकसून पेशीच्या मध्यभागी गोळा होतो. ग्रॅम-ऋण जिवाणूंची, म्हणजे ग्रॅमच्या रंगप्रक्रियेत जांभळा रंग न धरणाऱ्यांची, भिंत पातळ असते, त्यामुळे ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे आज सर्वाधिक डोकेदुखी झालेले जंतू चांदीपुढे सहसा लवकर नमतात. स्टॅफिलोकॉकससारख्या जाड भिंतीच्या जंतूंना तुलनेने अधिक मात्रा लागते.

मग आयनच जर खरे काम करणारे असतील, तर नॅनोकणांची गरज काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. उत्तर पृष्ठभागाच्या हिशेबात आहे. १ ग्रॅम चांदीचा घन केला तर त्याची बाजू साधारण साडेचार मिलिमीटर भरते आणि सहा बाजू मिळून पृष्ठभाग सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. त्याच १ ग्रॅमचे १० नॅनोमीटर व्यासाचे गोळे केले तर एकूण पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर, म्हणजे एका मध्यम सदनिकेच्या ६१५ चौरस फुटांइतका होतो. आयन पृष्ठभागावरूनच सुटतात, तेव्हा चिमूटभर धातू मोठ्या आणि बराच काळ पुरणाऱ्या साठ्याचे काम करतो. कण स्वतः, आयन न सोडता, जंतूला भोसकून मारतात असे अनेक वर्षे लिहिले जात होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठातील संशोधकांनी प्राणवायूविरहित पेटीत हा प्रयोग केला, तेव्हा चांदीचे ऑक्सिडीकरण थांबले, आयन सुटेनासे झाले आणि ई. कोलाय नॅनोकणांच्या गर्दीतही मजेत जगत राहिला. लहान कण पेशीपटलाला चिकटून आयन अगदी दारात नेऊन सोडतात, ही त्यांची खरी मदत, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण ‘नॅनो’ या उपसर्गाला चिकटलेले गूढ या प्रयोगाने बरेच उतरले, हे चांगलेच झाले.

रायपूरहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग ज्या मराठी मुलखातून जातो, त्यात या विषयाची दोन महत्त्वाची ठाणी आहेत, एक अमरावती आणि दुसरे, वाट थोडी वाकडी करून, पुणे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत असे दाखवून दिले, की बोरोहायड्राइडसारख्या तीव्र रसायनाशिवायही नॅनोकण बनवता येतात. फ्युझेरियम ही बुरशी आपल्या स्रावातील विकरांच्या साहाय्याने चांदीच्या आयनांचे कण करते आणि कडुनिंबाच्या पानांचा काढाही तेच काम करतो. त्यानंतर देशभरच्या महाविद्यालयांत तुळस, कोरफड, हळद असे जे हाताला लागेल त्याचे काढे करून कण बनवणाऱ्या शोधनिबंधांचा पूर आला. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट पेट्रीबशीतल्या एका गोल चकतीभोवती जंतू न वाढलेल्या वलयाच्या छायाचित्राने होतो आणि तिथून रुग्णापर्यंतची वाट त्यांत नसते.

ती वाट चालून पाहिली ती पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव लावणाऱ्या या संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर यांच्या गटाने ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण घालून जखमेवर लावायचे जेल तयार केले आणि त्याच्या चाचण्यांचा तपशील २००९ मध्ये प्रसिद्ध केला. जेलच्या एका ग्रॅममध्ये चांदी फक्त ०.१ मिलिग्रॅम. सल्फाडायझिनच्या रूढ १ टक्का मलमात हिशेब केला तर एका ग्रॅमला ३ मिलिग्रॅम चांदी असते, म्हणजे जेलमध्ये तिचे प्रमाण तिसाव्या हिश्श्याइतके, आणि तरी जंतुनाशक आवाका तुलनेजोगा निघाला. या अभ्यासातील एक मोजमाप विशेष बोलके आहे. जंतूंना थोडा वेळ कणांच्या संपर्कात ठेवून मग कण काढून टाकल्यावर त्यांची वाढ किती काळ खुंटलेली राहते, हे पाहिले असता भाजलेल्या जखमांत हिरवट पू करणाऱ्या स्यूडोमोनासच्या बाबतीत हा काळ साडेदहा तास भरला, तर स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत जेमतेम सव्वा तास. पट्टी दिवसातून किती वेळा बदलायची हा वॉर्डातला रोजचा प्रश्न अशा आकड्यांवरच सोडवायचा असतो. कणांची प्रतिजैविकांशी जोडी लावली तेव्हा सेफ्टाझिडिमबरोबर परिणाम वाढला, स्ट्रेप्टोमायसिनसारख्यांबरोबर नुसती बेरीज झाली, आणि क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर उलट घटला. चांदी कशातही मिसळली की फायदाच, हा समज असल्या निरीक्षणापुढे टिकत नाही.

अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठातील डॉ. महेंद्र राय आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी, २००९ मध्ये, लिहिलेला समीक्षालेख औषधरोधी जंतूंविरुद्ध चांदीच्या नॅनोकणांची बाजू मांडणाऱ्या लेखनात जगभर उद्धृत होत राहिला. जोडीच्या वापराला मोठे बळ मिळाले ते २०१३ मध्ये, बोस्टनमधील जेम्स कॉलिन्स यांच्या गटाच्या कामातून. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा असल्यामुळे ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य पटलातून तो आत शिरत नाही. चांदीने पटल सैल केल्यावर मात्र तो शिरला आणि उंदरांवरील प्रयोगांत ई. कोलायच्या संसर्गावर उपयोगी पडला. चांदीचे भवितव्य प्रतिजैविकाची जागा घेण्यात नसून त्याला दार उघडून देण्यात असावे, असे मानायला या प्रयोगामुळे बरीच जागा आहे.

शरीराबाहेर जे जमते ते शरीरात का जमत नाही, याचे उत्तर सुरुवातीच्या चिमूटभर मिठात आहे. रक्त, घाम, जखमेतील लस या सर्वांत क्लोराइड भरपूर असते आणि प्रथिनांतील गंधकही. सुटलेल्या आयनांपैकी पुष्कळसे सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतात किंवा अल्ब्युमिनला चिकटतात आणि जंतूपर्यंत पोहोचणारा भाग लहान राहतो. पोटात घेतलेली चांदी संसर्गावर मात करील ही आशा त्यामुळेच फोल ठरते. दीर्घकाळ घेतल्यास ती त्वचेत साचून कातडी कायमची राखाडी-निळी होते, या विकाराला आर्जिरिया म्हणतात आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. कलिल चांदीच्या, म्हणजे पाण्यात तरंगत्या सूक्ष्म कणांच्या बाटल्या सर्व रोगांवर विकणाऱ्यांचा दावा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच फेटाळला, तरी संकेतस्थळांवरून तो अजून जिवंत आहे. उघड्या जखमेवरही सगळे सुरळीत नाही. चांदीचा आयन जंतू आणि त्वचेची नवी पेशी यांत फारसा भेद करत नाही, आणि सल्फाडायझिनच्या मलमाखाली भाजलेली जखम काही नव्या आच्छादनांच्या तुलनेत सावकाश भरते, असे चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांत दिसले आहे.

उपकरणांवरील चांदीच्या मुलाम्याचा अनुभव असाच संमिश्र आहे. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या नळीला चांदीचा लेप दिल्यावर न्यूमोनियाचे प्रमाण ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले, असे २००८ मधील एका चाचणीत आढळले. चारच वर्षांनी ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सात हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र चांदी लावलेल्या मूत्रनलिकेने संसर्ग १२.६ वरून १२.५ टक्क्यांवर आला, म्हणजे व्यवहारात अजिबातच कमी झाला नाही. पहिलीच्या जोरावर सर्व नळ्या चांदीच्या करायला निघालेल्या खरेदी समित्यांनी दुसरी चाचणीही वाचायला हवी.

जिथे शरीर मध्ये येत नाही अशा ठिकाणी, म्हणजे पिण्याच्या पाण्यात, चांदीने खरे बस्तान बसवले. धानाच्या गिरण्यांनी भरलेल्या रायपूर परिसराला यात वेगळे कुतूहल असायला हरकत नाही. धान भरडल्यावर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघते, ते छत्तीसगडात बॉयलरमध्ये आणि वीजप्रकल्पांत जाळतात आणि मागे राहते ती सच्छिद्र, सिलिकाने भरलेली राख. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने या राखेचा गाळणीसाठी उपयोग करून दाखवला होता. पुढे राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून तयार झालेला ‘टाटा स्वच्छ’ हा वीज न लागणारा शुद्धक डिसेंबर २००९ मध्ये हजार रुपयांच्या आत बाजारात आला. राख गढूळपणा अडवते आणि चांदी जंतूंना. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, आणि आयआयटी मद्रासच्या थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडलेल्या गाळणीत तर याच्या निम्म्याहून कमी आयन सोडून जंतूंचा बंदोबस्त होतो.

इतक्या अनेक लक्ष्यांवर एकाच वेळी घाव घालणाऱ्या चांदीला जंतू प्रतिकार करूच शकणार नाहीत, असे विक्रीच्या पत्रकांत अजूनही छापलेले असते. ते खोटे आहे, आणि खोटे ठरूनही अर्धशतक होत आले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला आणि त्याबरोबर अँपिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉललाही न जुमानणारा साल्मोनेला पसरल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात रुग्ण दगावले होते. त्या जंतूतील प्लाझ्मिडवरची जनुके १९९९ मध्ये शिकागोच्या अमित गुप्ता आणि सायमन सिल्व्हर यांच्या गटाने उलगडली. त्यांना ‘सिल’ जनुके म्हणतात. एक प्रथिन पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत चांदी धरून ठेवते आणि उरलेल्यांपैकी बरीच पंप बनून ती बाहेर फेकतात. याच्याही पाच वर्षे आधी, १९९४ मध्ये, पुणे विद्यापीठात डॉ. बी. ए. चोपडे आणि एल. एम. देशपांडे यांनी असिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूत चांदीचा प्रतिकार प्लाझ्मिडवर असल्याचे आणि तो ई. कोलायला दिला जाऊ शकत असल्याचे दाखवले होते. हाच असिनेटोबॅक्टर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या प्रतिजैविकांची सर्वाधिक निकड असलेल्या जंतूंच्या यादीत अग्रभागी ठेवला. चांदीचे जेल आणि चांदीला हुलकावणी देणारा जंतू, दोन्हींवर एकाच शहरात काम झाले. जेलची बातमी मात्र अधिक गाजली.

प्रतिकाराची दुसरी तऱ्हा २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथील संशोधकांनी प्रसिद्ध केली आणि ती फारच चतुर आहे. नॅनोकणांच्या सौम्य मात्रेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले ई. कोलाय जनुकांत काहीही न बदलता फ्लॅजेलिन, म्हणजे पोहण्याच्या शेपटीचे प्रथिन, अधिक प्रमाणात बाहेर सोडू लागले. या चिकट प्रथिनाने कण एकमेकांवर गोळा होऊन निकामी झाले. फ्लॅजेलिनची निर्मिती रोखण्यासाठी त्यांनी वापरला तो डाळिंबाच्या सालीचा अर्क, आणि त्यानंतर कण पुन्हा काम करू लागले. सोलापूर जिल्ह्यात ढिगांनी फेकली जाणारी साल इतक्या दूरच्या प्रयोगशाळेत मोलाची ठरावी, ही गोष्ट मराठी वाचकाला गमतीची वाटेल.

चांदीचा प्रतिकार वाढवायला रुग्णालयेच लागतात असे नाही. मोजे, अंतर्वस्त्रे, धुलाईयंत्रे, फ्रीजचे अस्तर, टूथब्रश अशा ज्या वस्तूंत तिची काडीची गरज नाही तिथेही नॅनो-चांदी भरली जाते आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ती गटारात उतरते. तिथे बराचसा भाग सल्फाइड बनून निष्प्रभ होतो हे सुदैव, पण जंतूंना सवय लावायला अतिसौम्य मात्राच अधिक सोयीची असते, हे प्रतिजैविकांच्या बाबतीत पुरते शिकून झाले आहे. शिवाय ‘सिल’ जनुके ज्या प्लाझ्मिडवर असतात त्याच प्लाझ्मिडवर प्रतिजैविकांच्या प्रतिकाराची जनुकेही अनेकदा नांदतात, त्यामुळे मोज्यातली चांदी ज्या जंतूला निवडते तो सेफ्टाझिडिमलाही दाद न देणारा असू शकतो.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जखमेचा पू संवर्धनासाठी टाकला, की दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या अहवालात प्रतिजैविकांची लांब यादी आणि प्रत्येकापुढे जंतू संवेदनशील की प्रतिरोधी हे लिहिलेले असते. त्या यादीत चांदीची ओळ नसते, मग रुग्णाच्या जखमेवर दिवसातून दोनदा चांदीचेच मलम लावले जात असले तरी. याला कारण आहे. किती मात्रेला जंतूने तग धरला तर त्याला प्रतिरोधी म्हणायचे, याची सर्वमान्य सीमारेषा आंतरराष्ट्रीय मानक संस्थांनी चांदीसाठी ठरवलेलीच नाही, आणि संवर्धनाच्या माध्यमातील क्लोराइड कमी-जास्त झाले की आकडाही हलतो. जनुकाचा शोध घेणे त्यापेक्षा सोपे आहे. कोविडच्या साथीत पीसीआर यंत्रे अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचली, त्यांवर चांदी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे ‘सिल-ई’ जनुक तपासणे काही तासांचे काम आहे. जनुक सापडले म्हणजे जंतू प्रतिकार करतोच असे नाही, कारण क्लेबसिएला आणि एंटेरोबॅक्टर यांच्यात ते कित्येकदा निद्रिस्त असते. पण एका नियामक प्रथिनात झालेला एकच बदल ते जागे करू शकतो, आणि तसा बदल प्रयोगशाळेत एका पायरीत घडताना दिसला आहे. रायपूर, नागपूर किंवा पुणे येथील भाजलेल्या रुग्णांच्या विभागांनी गोठवून ठेवलेले जंतू वर्षातून एकदा या चाचणीखाली घातले, तर मलम कुठे अजून चालते आणि कुठे ते नुसता पांढरा थर उरले आहे, हे नव्या औषधाची वाट न पाहता कळू शकेल.